बिंबिकांचे पाच दिवस

इंग्रजीतील 'प्लेटलेट' या शब्दासाठी मराठीत 'रक्तपट्टिका' आणि 'रक्तबिंबिका' असे दोन प्रतिशब्द आढळतात. व्यवहारात अर्थातच 'प्लेटलेट' हाच शब्द चालतो. डेंग्यूच्या साथीने तो खेड्यापाड्यांत पोहोचवला असून आता त्याला परका म्हणण्यात फारसे हशील नाही. तरीही आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना 'बिंबिका' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. बिंब म्हणजे सूर्याचे वा चंद्राचे दिसणारे गोल, चपटे रूप; त्याचे लघुरूप बिंबिका. रक्तात निश्चिंतपणे वाहत असताना या कणिकेचा आकार खरोखरच इवल्या तबकडीसारखा असतो. शरीराबाहेर साठवून ठेवल्यावर तिचे जे काही बिघडू लागते, त्याची पहिली खूण म्हणजे हा तबकडीचा आकार हरवणे. आपले नाव जिच्यामुळे सार्थ होते ती गोष्टच ती प्रथम गमावते.

बिंबिकेला पूर्ण पेशी म्हणावे की नाही, असा प्रश्न पडावा इतकी ती अपुरी आहे. अस्थिमज्जेतील अवाढव्य पेशी आपल्याच अंगाचे तुकडे रक्तात सोडतात. ते तुकडे म्हणजे बिंबिका. त्यांना केंद्रक नसते. व्यास जेमतेम दोन ते तीन मायक्रोमीटर. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे. इटलीतील तुरिन येथे जुलिओ बित्सोत्झेरो याने १८८२ साली त्यांचे रक्तस्राव थांबवण्यातील कार्य दाखवून दिले. त्यानंतर १९१० साली बोस्टन येथे विल्यम ड्यूक याने बिंबिका कमी झाल्याने रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला ताजे रक्त दिले. बिंबिकांची संख्या वाढली आणि स्राव थांबला, संख्या पुन्हा उतरली तसा तो पुन्हा सुरू झाला. एकाच्या अंगातील बिंबिका दुसऱ्याच्या अंगात जाऊन काम करतात, पण तेथे त्या कायमच्या राहत नाहीत, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगातच उघड झाल्या होत्या.

या विषयाकडे आम्ही वळलो ते कुतूहलापोटी नव्हे. आमचे महाविद्यालय सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात आमच्या विभागातील, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला तीव्र रक्तकर्करोग झाल्याचे निदान झाले आणि तिला पुण्यातील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. या रोगावरील औषधे रोगट पेशींचा नाश करताना अस्थिमज्जेतील चांगली निर्मितीही काही आठवडे थांबवतात. त्या काळात रुग्णाच्या बिंबिका संपत जातात आणि नव्या तयार होत नाहीत. संख्या दहा हजारांच्या खाली गेली की कोठे मार न लागताही रक्त येऊ शकते. हिरड्यांतून येते, त्वचेखाली लाल ठिपके उमटतात, आणि मेंदूत स्राव झाला तर पुढे काही करता येत नाही. म्हणून बाहेरून बिंबिका द्याव्या लागतात. तिच्या वडिलांचा फोन आला तो नेमका या आकड्यासाठी. "सर, आकडा आठ हजारावर आलाय," एवढेच ते म्हणाले. शेती करणाऱ्या त्या गृहस्थांना तोवर पावसाचे आणि बाजारभावाचे आकडे ठाऊक होते. आठवड्याभरात त्यांच्या बोलण्यात हा तिसरा आकडा येऊन बसला होता.

आमच्यापैकी एकाचा रक्तगट जुळला. रक्तपेढीत विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता, की गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली आहे काय? ॲस्पिरिन बिंबिकेतील एक विकर कायमचे निकामी करते. केंद्रक असलेली पेशी ते पुन्हा घडवू शकते. बिंबिकेला ते साधत नाही. जन्मतः मिळालेल्या सामग्रीवरच तिला आपले सगळे आयुष्य काढावयाचे असते. साठवणुकीत तिचे काय होते, हे समजून घेण्याची किल्लीही याच गोष्टीत आहे.

एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जात होते. तेथे ते वेगाने फिरवले जाई, वजनानुसार त्याचे थर होत, त्यातल्या बिंबिका थोड्या रक्तद्रवासह बाजूला काढल्या जात आणि उरलेले रक्त शरीरात परत येई. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या आल्या. कॅल्शियमची गोळी चघळावयास मिळाली. दीड तासाने पिशवीत जे जमले ते लाल नव्हते, फिकट पिवळे होते, ताकाच्या निवळीसारखे. एका मध्यमवयीन तंत्रज्ञ बाईंनी ती पिशवी उजेडासमोर धरून हलकेच कलती केली. आत रेशमी वस्त्राच्या चुणीसारखे चमकते तरंग उठले. त्या म्हणाल्या, "हे दिसलं की समजायचं, चांगल्या आहेत." निरोगी बिंबिका चपट्या असल्यामुळे द्रव हलला की त्या प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि त्यांच्यावरून उजेड कमीजास्त परावर्तित होतो. त्या गोलाकार झाल्या, की कोणत्याही बाजूने सारख्याच दिसू लागतात. मग पिशवी कितीही हलवली तरी तरंग उठत नाहीत. नुसते गढूळ पाणी दिसते.

नंतर ती पिशवी एका कपाटात गेली. रक्त टिकवावयाचे तर ते थंडीत ठेवावे, ही सर्वसाधारण समजूत तांबड्या पेशींच्या बाबतीत बरोबरही आहे. त्यांच्या पिशव्या दोन ते सहा अंश तापमानात महिनाभराहून अधिक टिकतात. बिंबिकांचे कपाट मात्र बावीस अंशांवर होते आणि आतील जाळीदार फळ्या अखंड डावी-उजवीकडे हलत होत्या. रात्रंदिवस, दर मिनिटाला साठ-सत्तर वेळा. पाळण्यात मूल ठेवावे तशा त्या पिशव्या तेथे निजवलेल्या होत्या.

या ऊबेमागे एक इतिहास आहे. एके काळी बिंबिकाही शीतकपाटातच ठेवल्या जात. १९६९ साली फिलाडेल्फियात स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवून दिले, की थंडीत ठेवलेल्या बिंबिका रुग्णाच्या शरीरात गेल्यावर फार लवकर नाहीशा होतात, उलट खोलीच्या तापमानात ठेवलेल्या कितीतरी अधिक काळ अभिसरणात राहतात. याचे कारण पुढे हळूहळू उलगडत गेले. थंडी लागताच बिंबिका आपला चपटा आकार टाकून गोल होते, तिच्या अंगावर काटे फुटतात आणि पृष्ठभागावर विखुरलेले काही रेणू एकत्र गोळा होतात. बोस्टनमधील संशोधकांनी २००३ साली दाखवले, की यकृतातील भक्षक पेशी नेमके हे गोळा झालेले रेणू ओळखतात आणि त्या बिंबिकांना रक्तातून उचलून घेतात. थंडीत अधिक काळ गेला तर पृष्ठभागावरील शर्करेच्या साखळ्यांची टोके झडतात, आणि मग यकृतातील दुसऱ्या प्रकारच्या पेशीही त्यांना पकडतात. थोडक्यात, बिंबिका पिशवीत मेलेली नसते, परंतु तिचा चेहरा बदललेला असतो आणि नव्या घरात तिला कोणी आपले म्हणत नाही.

हलवत ठेवण्याचे कारण वेगळे आहे. पिशवीतही बिंबिका जगत असते, म्हणजेच खात असते. द्रवातील ग्लुकोज ती वापरते. प्राणवायू पुरेसा असेल तर हे काम बरेचसे स्वच्छपणे होते. तो कमी पडला की लॅक्टिक आम्ल साचते. रक्तद्रवातील बायकार्बोनेट ते काही काळ सावरून धरते, पण ते संपत आले की आम्लता वाढते. सामू ६.२ च्या खाली गेला की ती पिशवी रुग्णाच्या कामाची राहत नाही. म्हणून पिशवीचे प्लॅस्टिक असे निवडलेले असते, की त्यातून प्राणवायू आत यावा आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा. म्हणूनच पिशवी हलती ठेवावयाची, की आतल्या प्रत्येकीपर्यंत तो पोहोचावा. ऊब, हालचाल आणि श्वास या तीन गोष्टी जिला लागतात, तिला आपण वस्तू म्हणून फळीवर ठेवू शकत नाही.

एवढे करूनही बदल थांबत नाहीत. दिवसागणिक काही बिंबिका गोल होत जातात. पोटातील कणिकांत जखमेच्या वेळी सोडण्यासाठी राखून ठेवलेली द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात. त्या कणिकांच्या आत असणारे रेणू पृष्ठभागावर येतात. जणू जखम झालीच आहे अशी वर्दी बिंबिकेला मिळालेली असते. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असावयाची स्निग्ध द्रव्ये बाहेरच्या बाजूला दिसू लागतात, पटलाचे बारीक बारीक फुगे सुटून द्रवात तरंगतात, आणि काही ग्राही रेणू तुटून पडतात. या सगळ्या बदलांना इंग्रजीत मिळून जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'साठवणीची इजा' असा होतो. आम्हांला हे नामकरण विलक्षण वाटले. येथे कोणी वार केलेला नाही, कोणी हयगय केलेली नाही. नुसते राखून ठेवणे हीच इजा.

आपल्या भाषेत साठवणुकीची क्रियापदे बरीच आहेत आणि त्यांत नीट श्रेणी लावलेली आहे. लोणचे मुरते, दही आंबते, भाकरी शिळी होते, फूल कोमेजते, धान्याला कीड लागते, पैसा वाढतो. 'मुरणे' हे यांतले सर्वांत भाग्यवान क्रियापद. मुरलेला गवई, मुरलेला मुत्सद्दी असे आपण गौरवाने म्हणतो. काळ हा येथे मित्र आहे. 'रक्तपेढी' या शब्दातही तोच विश्वास डोकावतो. पेढीवर ठेवलेली ठेव निदान जशीच्या तशी परत मिळावी, जमल्यास व्याजासह. बिंबिकांना यांतले एकही क्रियापद नीट बसत नाही. त्या मुरत नाहीत आणि भाकरीसारख्या मुकाट्याने शिळ्याही होत नाहीत. त्या वाट पाहून दमतात, असे म्हटले तर ते शास्त्रीय ठरणार नाही. परंतु न आलेल्या हाकेला थोडे थोडे उत्तर देत राहिल्याने त्यांच्याजवळचे संपत जाते, हे वर्णन वस्तुस्थितीला बरेच जवळचे आहे. आणखी एक गोष्ट आम्हांला दिलासा देणारी वाटली. रुग्णाच्या शरीरात गेल्यावर, वाहत्या रक्तात, यांतले काही बदल काही प्रमाणात भरून येतात. सगळे नव्हेत, पण जगण्यासारखी जागा मिळाली की काही बिंबिका पुन्हा आपल्या रूपाशी येतात.

पाच दिवसांची मर्यादा मात्र केवळ या इजेतून आलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या सुधारल्यानंतर अमेरिकेत १९८० च्या दशकात ही मुदत सात दिवसांपर्यंत वाढवली होती; १९८६ साली ती पुन्हा पाचांवर आणावी लागली. कारण जी ऊब बिंबिकांना मानवते, ती जिवाणूंनाही मानवते. सुईबरोबर त्वचेवरचा एखादा जिवाणू पिशवीत गेला तर बावीस अंशांत त्याची भरभराट होते. म्हणून रक्ताचे पहिले काही थेंब वेगळ्या लहान पिशवीत काढून घेण्याची रीत पडली. थंडीत ठेवावे तर बिंबिका टिकत नाहीत, उबेत ठेवावे तर त्यांच्याबरोबर त्यांचा शत्रूही वाढतो, अशा कात्रीतून हे पाच दिवस निघालेले आहेत. अलीकडे थंड बिंबिकांचा पुन्हा विचार होऊ लागला आहे. शरीरात त्या एक-दोन दिवसच राहतात हे खरे. पण अपघातात भळभळा रक्त जाणाऱ्या माणसाला आठवड्याची सोबत नको असते, त्याला ताबडतोब जखम बुजवणारे कोणी तरी हवे असते, आणि थंडीने आधीच सज्ज झालेली बिंबिका ते काम चोख करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली, नेहमीच्या बिंबिका मिळणे शक्य नसेल तेव्हा, सक्रिय रक्तस्रावासाठी थंड बिंबिका चौदा दिवसांपर्यंत वापरण्यास मार्ग मोकळा केला. टिकणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यावरून ध्यानात येते. आमच्या विद्यार्थिनीला मात्र टिकणाऱ्याच बिंबिका हव्या होत्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी होती. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या महाविद्यालयातील दहा मुले एका जीपमधून पुण्याला आली. तिच्या वडिलांना गहिवरून आले. ते तंत्रज्ञ बाईंना म्हणाले, "बाई, आज धा पोरं आल्यात. समद्यांचं काढून ठिवा की. उद्यापास्नं सुट्टी हाय, कोण घावायचं न्हाई." बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ठेवता आलं असतं तर मीच ठेवलं असतं. हिला तीन दिवसांनी एक पिशवी लागते. आज दहा काढल्या, तर दोन हिला लागतील. बाकीच्या दुसऱ्या कुणाला लागल्या तर ठीक, नाही तर पाच दिवसांनी मला माझ्या हातानं टाकाव्या लागतील." त्यांनी दोघांच्या बिंबिका घेतल्या आणि आठ जणांना चहा देऊन परत पाठवले. मुलांचे चेहरे उतरले. देण्यासाठी एवढ्या लांब आलेल्यांना 'आज नको' असे ऐकावे लागणे सोपे नसते.

त्या संध्याकाळी रुग्णालयाच्या उपाहारगृहात बसून आम्ही एक वेळापत्रक तयार केले. अध्यापकाला दुसरे काही येवो न येवो, वेळापत्रक आखता येते. आडव्या ओळीत तारखा, उभ्या ओळीत नावे. रक्तगट, दूरध्वनी, कोण पुण्यातच नोकरीला आहे, कोण भाऊबीज आटोपून येऊ शकेल. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच्या चौकटीत कोणाचे नाव लिहावे, हा प्रश्न होता. तेथे शिवाजीनगरला राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने स्वतः होऊन आपले नाव घातले. पिशवी चढवली की दुसऱ्या सकाळी आकडा तीस-पस्तीस हजारांवर जाई, मग दोन-तीन दिवसांत पुन्हा उतरे. आम्ही कधी नव्हे ते एखाद्या लेखाऐवजी अशा आलेखाचे वाचन करू लागलो होतो. त्या आलेखातला प्रत्येक चढ कोणा ना कोणाचा होता, आणि कोणाचाही चढ तीन दिवसांपलीकडे टिकत नव्हता.

आपल्याकडील रक्तदानाच्या पद्धतीविषयी येथे दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपली शिबिरे दिवस पाहून होतात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन, थोरांच्या जयंत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस. एका दिवसात किती पिशव्या जमल्या याचे आकडे फलकावर लागतात. यातील उत्साहाला आमचे वंदन आहे, आणि तांबड्या पेशी व रक्तद्रव यांच्या दृष्टीने अशा शिबिरांचे मोल मोठेच आहे. परंतु बिंबिकांना सण समजत नाही. एका दिवशी शंभर पिशव्या आणि पुढे महिनाभर शून्य, या हिशेबात त्यांचा पाडाव ठरलेलाच असतो. शिवाय शिबिर दूरच्या गावी असेल आणि रक्त बर्फाच्या पेटीत थंड होऊन आले, तर त्यातून बिंबिका मिळतच नाहीत. ते थंड न होऊ देता काही तासांत पेढीवर पोहोचून वेगळे व्हावे लागते. मे महिन्यात आणि दिवाळीत, जेव्हा सारे गावी जातात, तेव्हा रुग्णालयातील आकडे मात्र सुटीवर जात नाहीत.

आपल्या परंपरेत दानाचा शेवट उदक सोडण्याने होतो. हातावरून पाणी सोडले की वस्तूवरचा दात्याचा हक्क संपला आणि त्याची जबाबदारीही संपली. यातील निरपेक्षता थोरच आहे. परंतु येथे दान जेथे संपते असे वाटते, तेथून खरे काम सुरू होते, आणि ते अशा माणसांच्या हाती असते ज्यांची छायाचित्रे कोठे छापून येत नाहीत. रात्री वीज गेली तर हलणाऱ्या फळ्या थांबू नयेत म्हणून जनित्र सुरू झाले की नाही हे पाहणारा सेवक, आणि प्रत्येक पाळीत पिशवी उजेडासमोर धरून तरंग पाहणाऱ्या त्या बाई. दात्याने दीड तास दिला. त्या दीड तासाला पाच दिवस जिवंत ठेवण्याचे काम यांचे. साहित्याच्या अध्यापकांना या ठिकाणी रूपकाचा मोह होणे साहजिक आहे. परंपरा, स्मृती, भाषा यांविषयी काहीबाही येथून सहज म्हणता येईल. आम्ही ते टाळतो. एका मुलीच्या हिरड्यांतून येणारे रक्त थांबले, हे कोणत्याही रूपकाहून मोठे आहे.

तिचे उपचार २०१९ च्या जूनपर्यंत चालले. एक वर्ष गमावून तिने एम.ए. पूर्ण केले. ती बरी आहे. आमचे वेळापत्रकही बंद पडले नाही. तिची गरज संपली तेव्हा तिच्याच वॉर्डातील एका मुलासाठी ते वापरले गेले, मग आणखी कोणासाठी. नावे बदलत गेली, चौकटी त्याच राहिल्या. कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीला आपल्या देशात रक्तदान करता येत नाही, त्यामुळे त्या चौकटींत तिचे नाव कधीही येणार नाही. पण दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्यातील माणसांना दूरध्वनी करण्याचे काम आता तिच्याकडे आहे. बोलताना ती फार प्रस्तावना करीत नाही. तारीख सांगते, वेळ सांगते, तीन दिवस ॲस्पिरिन घेऊ नका म्हणते, आणि कोणी उत्साहाने "मी उद्याच येतो" म्हणाले तर त्याला सांगते, "उद्या नको. गुरुवारी या."